ह्रस्व-दीर्घाच्या पलीकडचे जोतीराव

गेल्या परीक्षेच्या वेळची गोष्ट. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. ओळी जेमतेम चार. ‘परीक्षे’तला री ह्रस्व, ‘ण’ असावयास हवा तेथे सर्वत्र ‘न’, आणि पूर्णविराम एकही नाही. मुलगी पेपराला येऊ शकणार नाही, एवढे पहिल्या ओळीवरून कळत होते. मी तो संदेश सहकाऱ्यांना दाखविला. प्राध्यापकांच्या खोलीत थोडा हशा झाला, मराठीच्या भवितव्याविषयी दोन-चार उसासे टाकले गेले, आणि आम्ही आपापल्या तासाला निघून गेलो. दोन दिवसांनी कळले की, मुलीची आई रुग्णालयात होती. संदेशाच्या शेवटच्या ओळीत तेही लिहिलेले होते. आम्ही चुका मोजण्यात गढलो होतो. तेथपर्यंत कोणी वाचलेच नव्हते.

रोजच्या चिठ्ठीचपाटीतील, अर्जातील, निरोपातील चुकांना किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे. भाषाशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी अर्थशास्त्र शिकवितो. परंतु या प्रश्नाशी ज्याचा आयुष्यभर प्रत्यक्ष संबंध आला, असा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला, आणि त्याचे चरित्र या दृष्टीने वाचले तर बराच उलगडा होतो. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे ‘फुले’ झालेले. आई चिमणाबाई लहानपणीच वारली. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे, पण शिकून मुलगा शेतीभातीला निरुपयोगी होईल असे त्यांच्या मनात भरवून देण्यात आले आणि शिक्षण मध्येच खुंटले. पुढे गफ्फार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. ज्या वयात इतरांची मुळाक्षरे पक्की होऊन व्याकरणाला आरंभ होतो, त्या वयात या मुलाच्या हाती मळ्यातले खुरपे होते. पुढील आयुष्यात त्यांच्या लेखनात ज्या चुका काढण्यात आल्या, त्यांचा हिशेब करताना ही मधली वर्षे कोणी जमेस धरली नाहीत.

आणि शुद्ध मराठी म्हणजे तरी त्या काळी काय होते? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे जोतीराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. तत्पूर्वी कित्येक पिढ्या महाराष्ट्राचा सारा दैनंदिन व्यवहार मोडी लिपीत चालत आला होता, आणि मोडीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद याची साक्ष देतात. त्या कागदांवर मोहिमा निघाल्या, वतने दिली-घेतली गेली, तह झाले, सारा वसूल झाला. ह्रस्वाचा दीर्घ झाल्यामुळे एखादी मोहीम अडली, असे काही ऐकिवात नाही. सारांश, आज ज्या चुकीने आपल्या कपाळावर आठी उमटते, ती चूक म्हणून ओळखण्याचीही सोय त्या रोजच्या लेखनात नव्हती. बोरू हाती असणारा वर्ग मात्र ठरलेला होता.

ती मक्तेदारी मोडण्याच्या कार्यास जोतीराव विशीतच लागले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. या उद्योगापायी पतिपत्नीस घर सोडावे लागले. तरीही शाळा वाढल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मुलांसाठीही वर्ग निघाले, आणि १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सन्मान झाला. हे कँडीसाहेब म्हणजे मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावणारे गृहस्थ. मराठीचा स्वल्पविराम ज्यांनी रुजविला, त्यांनीच माळ्याच्या या मुलाच्या खांद्यावर शाल घातली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. १८५५ मध्ये जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’ने छापला. त्यात तिने आपल्या समाजाच्या दुःखाला वाचा फोडली होती. थोड्याच वर्षांच्या शिक्षणानंतर तिने लेखणी उचलली, हे महत्त्वाचे. शुद्धलेखन पक्के होईपर्यंत ती थांबली असती, तर तो निबंध बहुधा कधीच लिहिला गेला नसता.

स्वतः जोतीरावांनीही कोणाच्या परवान्याची वाट पाहिली नाही. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहिले. भोळ्या शेतकरी दांपत्यास जोशीबुवा कसे नागवितात आणि ते दोघे अखेर रात्रीच्या शाळेची वाट कशी धरतात, असे त्याचे कथानक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाडा, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना. या साऱ्या लेखनाची भाषा मळ्यातली, बाजारातली, चावडीवरची आहे. ती रांगडी आहे, कोठे कोठे अडखळते, आणि व्याकरणाची चाकोरी वरचेवर सोडते.

नेमके येथेच विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी बोट ठेवले. १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ हे मराठी गद्याचे वैभव आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या दडपणाखाली मराठी खुरटू नये ही शास्त्रीबोवांची कळकळ अस्सल होती. भाषेविषयी दक्ष राहण्याचा त्यांना अधिकारही होता. परंतु ‘मालेत’ फुल्यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला गेला, त्यात भाषेच्या आणि व्याकरणाच्या दोषांची टर उडविण्यावर फार शक्ती खर्च झाली. शूद्रातिशूद्रांना विद्येपासून कोणी आणि का दूर ठेवले, हा ‘गुलामगिरी’तील मूळ प्रश्न त्या हशात तसाच राहून गेला. शास्त्रीबोवा १८८२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. अधिक आयुष्य लाभते तर त्यांनी त्या प्रश्नाकडे वळून पाहिले असते काय, हे सांगता येत नाही. काळाने मात्र एक मौज केली आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर घातली, आणि अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. आज ‘निबंधमाले’चे एखादे पान मूळ लेखनानुसार उतरवून कोणी परीक्षेत लिहिले, तर शास्त्रीबोवांच्याही शुद्ध मराठीवर तांबडी शाई उमटेल!

तर मग लिहिण्यातल्या चुकांना काहीच महत्त्व नाही काय? या टोकाला जोतीराव स्वतः कधी गेले नाहीत, आणि याचे कारण समजण्यास अर्थशास्त्राचा थोडा उपयोग होतो. जोतीराव केवळ ग्रंथकार नव्हते. व्यवहारात मुरलेले कंत्राटदार होते. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांचा संबंध आला होता. एका आकड्याची चूक किती महागात पडते, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. शेतकऱ्याला ती किती महाग पडते, हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. निरक्षर कुणब्याने खतावर निशाणी उठवावयाची आणि आत काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक असावयाचे, अशी ती रीत. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांची कर्जखते सरकारने नेमलेल्या निबंधकापुढे लिहिली जावीत असे ठरविले, त्यामागे हाच अनुभव होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जोतीरावांनी सावकार, कुळकर्णी आणि कचेरीतला कारकून यांच्या लेखणीखाली शेतकरी कसा भरडला जातो, त्याचे जळजळीत वर्णन केले आहे. फसवणुकीच्या त्या खतांचे अक्षर वळणदार असे, भाषा मुरलेली असे. खोटी असे ती फक्त रक्कम.

चुकांतही भेद केला पाहिजे, तो येथून उमगतो. ज्या चुकीने रक्कम, तारीख, नाव किंवा अर्थ बदलतो, ती चूक दुसऱ्याचे नुकसान करते. तिथे हयगय नको. औषधाच्या चिठ्ठीत, करारात, सातबाऱ्याच्या उताऱ्यात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर घरे बसतात. परंतु ज्या चुकीने अर्थाला धक्का लागत नाही, ती फार तर लिहिणाऱ्याला शिकण्याची संधी किती मिळाली, हे सांगते. लेखनाचे नियम हे बाजारातल्या प्रमाणित वजनांसारखे आहेत. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही सोयीसाठी ते असावेतच. पण त्याच वजनांनी माणूस तोलू लागले की व्यवहार खोटा होतो.

जोतीरावांची भूमिका याहून वेगळी नव्हती. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची यादीही त्यांनी दिली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. आणि या यादीत व्याकरणही आहे. ज्याच्या व्याकरणाला सुशिक्षित पुणे हसले, तोच मनुष्य कुणब्यांच्या मुलांना व्याकरण शिकवा म्हणून सरकारकडे मागणी करीत होता. उणीव दिसली की हसावयाचे, की ती भरून काढण्यासाठी शाळा काढावयाची, या दोन वृत्तींमधील अंतर याहून स्पष्ट कसे व्हावे?

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांच्या निमंत्रणाला जोतीरावांनी नम्र पण निःसंदिग्ध नकार कळविला. ज्या सभांत आणि पुस्तकांत बहुजनांच्या सुखदुःखाचा मागमूस नाही, तेथे जाऊन आपल्याला करावयाचे काय, असा त्या पत्राचा आशय होता. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ म्हटले. पुढे दोन महिन्यांतच पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. तेव्हा साठी उलटलेल्या या वृद्धाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. डाव्या हाताने उमटलेल्या त्या अक्षरांत ह्रस्व किती आणि दीर्घ किती, हे पाहण्याचे धाडस निदान मला होणार नाही.

आज महाराष्ट्रात निरोप लिहिणाऱ्यांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कागदावर अंगठाच उठविला, ती माणसे आज खिशातून मोबाइल काढून स्वतःच्या बोटांनी आपले म्हणणे लिहितात. जोतीरावांनी पाहिलेल्या स्वप्नातला हा काही थोडाथोडका भाग नव्हे. त्या लिहिण्यात चुका आहेत. त्या वर्गात जरूर सुधाराव्यात, आणि तो आम्हा शिक्षकांचा धर्मच आहे. पण सुधारण्याआधी वाचावे. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी नंतर जाऊन भेटलो. त्यांनी तक्रार केली नाही. उलट लिहिण्यात काही चुकले असल्यास माफी मागितली. मान खाली घालावी लागली ती मला.