वसतिगृहातून काढलेला मुलगा, गरिबांच्या पोरांना छप्पर देणारा अण्णा

कारापूर : गावात शाळा आहे म्हणून पोर शिकतंच असं नाही. रात्री अंग टाकायला जागा नाही, दोन वेळचं जेवण नाही, तर पाटी-पुस्तक बाजूलाच राहतं. शंभर वर्षांपूर्वी हे ओळखून कामाला लागलेला माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असा आग्रह झाला. भाऊरावांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगचा दरवाजा त्यांना बंद झाला. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी आसरा दिला. मॅट्रिकपर्यंत काही मजल गेली नाही, पण छप्पर गेल्यावर विद्यार्थ्याचं काय होतं, ते त्यांना स्वतःला कळलं होतं.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. हुशार पोरं गुरांमागे जाताना त्यांनी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

पैशांची मात्र कायम ओढाताण. कोठीतलं धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सगळ्या पोरांची आई झालेल्या या बाई १९३० मध्ये गेल्या. अण्णा थांबले नाहीत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, राहण्याची सोय आणि कमवा व शिका ही पद्धत. गरिबाच्या पोराला मिंधेपण वाटू नये, हा त्यामागचा विचार. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. ९ मे १९५९ रोजी अण्णांचं निधन झालं. गोवा मुक्त व्हायला तेव्हा अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ होता.

आज कारापूर, डिचोली, साखळी या पट्ट्यात कामासाठी कुटुंबं येतात, काम संपलं की पुढे जातात. मुलांची शाळा मध्येच तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नवी शाळा त्याला दारातून परत पाठवू शकत नाही. शाळा सुटलेली असेल, तर वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याची सोयही कायद्यात आहे.

हक्क कागदावर आला, पण तो मजुराच्या खोलीपर्यंत कोणी तरी पोचवावा लागतो. भाऊरावांनी तेच केलं होतं. मुलगा शाळेत येईल याची वाट न बघता ते त्याच्या दारात जात. शेजारच्या खोलीत शाळेबाहेरचं पोर दिसलं, तर पालकांना एवढं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.