पाढ्यांचा कागद आणि आठ धूमकेतू

मुलीला शिकवून काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडेच विचारतात, असे मला अकरावीपर्यंत वाटे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे १७५० साली जन्मलेल्या कॅरोलिन हर्शेलच्या आईलाही हाच प्रश्न पडला होता. वडील लष्करी बँडमधले वादक. आईची नजर चुकवून ते लेकीला थोडे व्हायोलिन शिकवीत. लहानपणीच्या टायफस ज्वराने तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. हिचे लग्न जमायचे नाही, घरकामाला होईल, असे ठरून गेले.

१७७२ साली भाऊ विल्यम तिला इंग्लंडात बाथ येथे घेऊन गेला, तोही आईला मोलकरणीचा खर्च देण्याचे कबूल करून! तो संगीतशिक्षक, ती गायिका झाली. पण विल्यमला दुर्बिणीचे वेड लागले. आरसा घासताना त्याला हात काढता येत नसे, तेव्हा ती त्याला घास भरवी. १७८१ साली त्याला युरेनस सापडला आणि तिचे गाणे मागे पडले. आता रात्री वेधांची टिपणे, दिवसा आकडेमोड. आणि पाढे तर तिला कधीच पाठ झाले नाहीत! पाढ्यांचा कागद ती जवळ बाळगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजी शब्दार्थांची वही माझ्याही पिशवीत असते. म्हणून तिच्या वेधांपेक्षा तो कागदच मला अधिक जवळचा वाटतो.

१ ऑगस्ट १७८६ रोजी, भाऊ परदेशी असताना, तिला पहिला धूमकेतू दिसला. पुढल्या वर्षी राजाने तिला सालिना ५० पौंड वेतन बांधून दिले. १७९७ पर्यंत असे आठ धूमकेतू झाले.

१८०० साली विल्यमने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तापमापी ठेवून पाहिले. तांबड्या रंगापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत वर चढला. हेच अवरक्त किरण. धूमकेतूंशी त्यांची गाठ पडायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. कधीकधी धूमकेतूचा अकस्मात उद्रेक होतो. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स हा धूमकेतू दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला. अशा वेळी उधळलेली धूळ उन्हाने तापते व ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. त्यावरून कण किती बारीक, किती तापलेले, कशाचे बनलेले, हे अजमावता येते. साध्या प्रकाशात एवढे कळत नाही.

विल्यमच्या निधनानंतर कॅरोलिन हॅनोव्हरला परतली. १८२८ साली लंडनच्या ज्योतिर्विद संस्थेने तिला सुवर्णपदक दिले. १८४८ साली, वयाच्या ९८ व्या वर्षात, ती वारली. १७९५ साली तिने टिपलेला धूमकेतू आज एन्के या नावाने ओळखला जातो, कारण त्याच्या कक्षेचे गणित एन्केने मांडले. १९८३ साली आयरास या उपग्रहाने त्याच धूमकेतूने वाटेवर सांडलेली धूळ अवरक्त किरणांत टिपली.