खडीला शिस्त लावणारे जॉन मॅकॅडम

गोल गोट्यांची सुटी खडी चाकाखाली कधीच स्थिरावत नाही. ती कडेला घरंगळते, मधोमध चाकोऱ्या पडतात आणि त्यांत पाणी साचते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये यावर उपाय म्हणून वर आणखी खडी आणि माती ओतली जाई. पहिल्या पावसात तिचा चिखल होई. हा शिरस्ता मोडला जॉन लाउडन मॅकॅडम यांनी.

२१ सप्टेंबर १७५६ रोजी स्कॉटलंडमधील एअर येथे जन्मलेले मॅकॅडम पेशाने अभियंता नव्हते. वडिलांच्या निधनानंतर १७७० मध्ये ते न्यूयॉर्कला काकांकडे गेले आणि व्यापारात स्थिरावले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ते ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ राहिले. परिणामी १७८३ मध्ये मालमत्तेचा मोठा भाग गमावून त्यांना परतावे लागले. एअरशायरमध्ये पथकर मंडळाचे विश्वस्तपद मिळाले आणि रस्त्यांचा ध्यास जडला तो कायमचा. स्वखर्चाने त्यांनी देशभरचे रस्ते पालथे घातले.

१८१६ मध्ये ब्रिस्टल परिसरातील रस्ते त्यांच्या हाती आले. भार खडी पेलत नाही, खालची कोरडी जमीन पेलते, हे त्यांचे मूळ सूत्र. म्हणून रस्ता भोवतालापेक्षा उंच, मध्यभागी किंचित फुगीर आणि कडेने चर. जुनी खडी उकरून, मोठे दगड व गोटे फोडून सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड नसलेले धारदार तुकडे थरांनी पसरायचे. माती मात्र मुळीच मिसळायची नाही. वाहनांच्या चाकांखाली हे कोनाकोनाचे तुकडे परस्परांत रुतून बसत आणि पाण्याला अटकाव होई. खाली मोठ्या दगडांचा पाया घालणाऱ्या थॉमस टेलफर्ड यांच्या पद्धतीहून हे काम बरेच स्वस्त पडे. बसून लहान हातोड्यांनी खडी फोडण्याचे काम स्त्रिया, वृद्ध व मुलेही करीत, हा त्या स्वस्ताईचा कमी सांगितला जाणारा भाग.

संसदेने उशिरा का होईना, त्यांच्या खर्चाची अंशतः भरपाई केली. सर ही पदवी त्यांनी नाकारली. ती १८३४ मध्ये पुत्र जेम्स यांना मिळाली. २६ नोव्हेंबर १८३६ रोजी स्कॉटलंडमधीलच मॉफॅट येथे त्यांचे निधन झाले. खडीवर डांबराचा लेप पुढे आला. भारतातील बांधकाम खाती आजही खडीकरणाला डब्ल्यूबीएम म्हणतात. त्यातील शेवटचे अक्षर मॅकॅडम यांचे.