प्रमाण मागणारा सुधारक

गोपाळ गणेश आगरकर हयात असतानाच पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. रूढी किती जुनी आहे यापेक्षा ती कशासाठी आहे, हे ते विचारत, अपराध एवढाच.

कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे १८५६ साली गरीब कुटुंबात जन्मलेल्या आगरकरांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे हिंडत शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांना वळण दिले. एम.ए. होऊनही त्यांनी मोठ्या पगाराची वाट सोडून न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकी पत्करली. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले. शंकेने ग्रासलेल्या राजपुत्राचे हे नाटक ‘विकारविलसित’ नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅम्लेटला शंकेने जखडून टाकले, आगरकरांना तिनेच कामाला लावले.

संशयवादी म्हणजे काहीही न मानणारा, हा समज तेव्हाही होता. प्रत्यक्षात आगरकर बुद्धी, समता, व्यक्तिस्वातंत्र्य ही मूल्ये कमालीच्या निष्ठेने मानत. ईश्वराच्या बाबतीत ते अज्ञेयवादी होते. जे जाणण्याचे साधन माणसापाशी नाही, त्याविषयी छातीठोक विधान त्यांना अमान्य होते. बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांतील दुःख मात्र उघड्या डोळ्यांना दिसत होते. तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणण्यास जागाच नव्हती. ‘देवतोत्पत्ति’, ‘सोवळ्याची मीमांसा’ यांसारख्या निबंधांत त्यांनी श्रद्धांचा आणि चालींचा उगम तपासला. शास्त्राधार काढून सुधारणा पटवण्याची सोयीची पद्धत तेव्हा रूढ होती. ती त्यांनी नाकारली. ग्रंथ अनुकूल निघाला म्हणून तो प्रमाण कसा ठरेल?

याची किंमत मोठी होती. मतभेदांमुळे १८८७ मध्ये ‘केसरी’ सुटला, टिळकांचा स्नेह तुटला. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याचे त्यांनी समर्थन केले, तेव्हा टिळक विरोधी बाजूस होते.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर मात्र पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.