पु. ल. देशपांडे, पार्किन्सन्स आणि रात्रीची झोप

घरातल्या कुणाला पार्किन्सन्सचं निदान झालं असेल, तर ‘आपल्याच माणसाला हे का?’ असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनाही अखेरच्या वर्षांत हाच आजार होता. त्यांच्या आयुष्याच्या निमित्ताने या आजाराची एक दुर्लक्षित बाजू समजून घेऊ या. ती म्हणजे झोप.

चेहरा, आवाज आणि बोटं

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. १२ जून १९४६ रोजी सुनीताबाईंशी त्यांचा विवाह झाला. एम. ए. त्यांनी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून केलं. पुढे प्राध्यापकी, आकाशवाणी, दूरदर्शन असं काम करत लेखन सुरूच राहिलं. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका त्यांचीच होती. ‘बटाट्याची चाळ’मधली सगळी माणसं ते रंगमंचावर एकटे उभी करत. पेटीवरही त्यांची बोटं सहज फिरत.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बारीक होतो. म्हणजे कलावंताची जी साधनं, त्यांनाच हा आजार हात घालतो. चेहरा निर्विकार दिसला तरी माणूस आतून तोच असतो, हे घरच्यांनी विसरू नये.

रात्री काय घडतं?

थरथर चारचौघांना दिसते. रात्रीचा त्रास मात्र शेजारी झोपणाऱ्यालाच कळतो. १८१७ साली या आजाराचं वर्णन करणारे लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनीही झोप बिघडत जाते, हे नोंदवलं होतं.

स्वप्न पाहताना आपले स्नायू एरवी सैल पडलेले असतात. काही जणांत ही व्यवस्था बिघडते. मग माणूस झोपेत ओरडतो, लाथा मारतो, पलंगावरून पडतो. हा त्रास कधी कधी हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतो. सातारा असो वा सांगली, घरोघरी ‘वय झालं, स्वप्नं पडतात’ किंवा ‘काहीतरी बाहेरचं आहे’ म्हणून तो सोडून दिला जातो. असं होणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स होतोच असं नाही. पण न्यूरॉलॉजिस्टना एकदा जरूर दाखवा.

आजार पुढे सरकतो तशा तक्रारी बदलतात. गोळीचा असर पहाटेपर्यंत टिकत नाही, अंग आखडतं, कूस बदलता येत नाही. लघवीसाठी वारंवार उठावं लागतं. पाय वळवळतात. पुढे दिवसा डुलक्या येतात, कधी नसलेली माणसं दिसतात. यातलं काही आजारामुळे असतं, काही औषधांमुळे. म्हणूनच डॉक्टरांना सांगायला हवं. गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा बदलून बराच फरक पडू शकतो.

तुम्ही काय कराल?

- आठवडाभर वहीत लिहा: झोप किती वाजता लागली, किती वेळा मोडली, झोपेत काय झालं, गोळ्या कधी घेतल्या. शक्य असल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या.
- पलंग बुटका ठेवा, टोकदार वस्तू दूर करा, संडासच्या वाटेवर मंद दिवा ठेवा.
- दिवसा उन्हात फिरवा. संध्याकाळनंतर चहा टाळा.
- झोपेची गोळी मनाने देऊ नका. त्याने तोल जातो, गोंधळ वाढतो. पार्किन्सन्सच्या गोळ्या अचानक बंद करणंही धोक्याचं आहे.
- एकाच माणसाने रोज जागू नये. सांभाळणाऱ्यालाही झोप हवी, घरात पाळ्या लावा.

शेवटपर्यंतची सोबत

१९९६ साली पुलंना पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार मिळाला. १२ जून २००० रोजी पुण्यात पार्किन्सन्समुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीतून त्यांचं निधन झालं. तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता.

हा आजार आजही मुळातून बरा होत नाही. पण बिघडलेल्या झोपेवर बरेच उपाय आहेत. ते सुरू व्हायला रात्री काय घडतं हे डॉक्टरांना कळलं पाहिजे, आणि ते तुम्हीच सांगू शकता. पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.