सोइचिरो होंडा

सोइचिरो होंडा (जन्म : १७ नोव्हेंबर १९०६, मृत्यू : ५ ऑगस्ट १९९१) हे जपानी तंत्रज्ञ व उद्योजक होते. होंडा मोटर कंपनीचे संस्थापक म्हणून ते जगभर ओळखले जातात. भारतात त्यांचे नाव दुचाकींमुळे घरोघरी पोहोचले. परंतु जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांमध्ये त्यांना जो मान आहे, तो १९६३ ते १९७० या काळातील काही चिमुकल्या मोटारींमुळे.

पूर्वायुष्य

होंडा यांचा जन्म शिझुओका प्रांतातील हामामात्सुजवळच्या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहारकाम करीत आणि सायकली दुरुस्त करीत. आई विणकाम करी. औपचारिक शिक्षणात सोइचिरोंचे मन रमले नाही. १९२२ मध्ये ते टोकियोतील 'आर्ट शोकाई' या मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळेत उमेदवार म्हणून दाखल झाले. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला मालकाचे मूल सांभाळणे आणि झाडलोट करणे एवढेच आले. पुढे ते कुशल कारागीर झाले आणि १९२४ मध्ये विमानाचे इंजिन बसवलेल्या शर्यतीच्या मोटारीवर सोबतचे मेकॅनिक म्हणून विजयात सहभागी झाले.

१९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुत त्याच कार्यशाळेची शाखा काढली. लाकडी आऱ्यांऐवजी ओतीव लोखंडी आऱ्यांच्या चाकांचे पेटंट त्यांनी याच काळात मिळवले. इतरांच्या नादुरुस्त गाड्या उघडून पाहण्याची ही वर्षे त्यांच्या अभियांत्रिकीचे खरे विद्यापीठ म्हणावी लागतील. १९३६ मध्ये तामागावा येथील शर्यतीत मोठा अपघात होऊन ते व त्यांचे बंधू जखमी झाले. त्यानंतर ते पिस्टन रिंगांच्या उत्पादनाकडे वळले. धातुशास्त्राचे ज्ञान अपुरे पडते हे जाणवताच तिशीत त्यांनी तांत्रिक विद्यालयात जाऊन पाठ ऐकले. युद्ध संपल्यावर तो कारखाना त्यांनी टोयोटाला विकला. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले आणि व्यवहाराची बाजू त्यांनी सांभाळली.

स्पोर्ट्स कार

१९६१ मध्ये जपानच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने मोटारनिर्मितीत नव्या कंपन्यांच्या प्रवेशावर बंधन आणणारे धोरण पुढे केले. दुचाकीनिर्मात्या होंडांसाठी दार कायमचे बंद होण्याची ही वेळ होती. त्यांनी मंत्रालयाला उघड विरोध केला आणि कायदा होण्यापूर्वीच मोटार बाजारात आणण्याची घाई केली. १९६३ मध्ये ऑगस्टात टी३६० हा छोटा ट्रक आणि ऑक्टोबरात एस५०० ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आली. संबंधित विधेयक पुढे मंजूर झालेच नाही. लाल रंग तेव्हा अग्निशामक वाहनांसारख्या गाड्यांसाठी राखीव होता. स्पोर्ट्स कार लाल असावी यासाठीही होंडांनी शासनाशी झगडा केला आणि तो जिंकला.

एस५०० नंतर १९६४ मध्ये एस६०० व १९६६ मध्ये एस८०० आली. एस६०० चे इंजिन अवघे ६०६ सीसीचे, तरी ते मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर ५७ अश्वशक्ती देई. मोटारसायकलच्या शर्यतींत कमावलेली विद्या येथे चारचाकीत उतरली होती : चार सिलिंडरांना चार कार्ब्युरेटर, क्रँकशाफ्टला सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग, आणि मागच्या चाकांना गती देण्यासाठी तेलाने भरलेल्या पेट्यांत फिरणाऱ्या साखळ्या. एस८०० च्या उत्पादनकाळात साखळ्यांची रचना सोडून देण्यात आली.

या मोटारींचे आकर्षण आणि त्यांच्या देखभालीचा जाच, दोन्हींचे मूळ एकच आहे. चारही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवले नाहीत, तर इंजिन अडखळते. रोलर बेअरिंगना स्वच्छ तेल वेळेवर लागते. ती खराब झाल्यास तुकडे जोडून बनवलेला क्रँकशाफ्ट दाबयंत्राखाली सुटा करून पुन्हा सरळ रेषेत बसवावा लागतो, आणि ते काम जाणणारे कारागीर थोडेच. साखळ्यांचा ताणही पाहावा लागतो. पत्र्याचा गंज आणि कडक झालेले रबर ही सर्वच जुन्या गाड्यांची दुखणी. दुरुस्तीच्या कार्यशाळेत घडलेल्या माणसाने दुरुस्तीला इतकी अवघड गाडी करावी, हे नवलाचे वाटते; पण होंडांमधल्या शर्यतवेड्याने त्यांच्यातल्या दुरुस्तीकारावर येथे मात केली, असेच दिसते.

मतभेद व निवृत्ती

हाच हट्ट पुढे महागात पडला. इंजिन हवेनेच थंड करावे, यावर ते अडून बसले. १९६८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची होंडा गाडी चालवताना जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. तरीही १९६९ च्या एच१३०० मोटारीत त्यांनी तीच पद्धत ठेवली. तरुण अभियंत्यांनी विरोध केला आणि फुजिसावांनी मध्यस्थी केल्यावर होंडांनी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला संमती दिली. स्वतःच्या मतापेक्षा कनिष्ठांचे ज्ञान अद्ययावत आहे हे मान्य करणे त्यांना सोपे गेले नसावे. १९७३ मध्ये ते व फुजिसावा एकत्रच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी देशभरातील विक्रेते आणि कारखान्यांतील कामगार यांना भेटून आभार मानले.

त्यांच्या हयातीतच, १९९० मध्ये, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार विक्रीस आली. ती घडवणारे अभियंते नव्या पिढीचे होते. ५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या विकाराने होंडांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, कंपनीने वापरून जुन्या झालेल्या एनएसएक्स परत कारखान्यात घेऊन त्यांचे नूतनीकरण करून देण्याची योजना सुरू केली. तोचिगी प्रांतातील मोतेगी येथे १९९८ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात कंपनीच्या जुन्या मोटारी आणि मोटारसायकली चालू स्थितीत राखल्या जातात.