अशुद्ध बोलणारा डिझी

अमेरिकेत बेसबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखेच. त्या खेळात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. डिझी डीन हा तेथील एक थोर पिचर.

त्याचे खरे नाव जे हॅना डीन. १६ जानेवारी १९१० रोजी आर्कान्सा राज्यातील लुकास या खेड्यात तो जन्मला. वडील दुसऱ्याची शेती वाट्याने करीत. पोराच्या हाती पाटी-पेन्सिल फार दिवस टिकली नाही; बालपण कापूस वेचण्यात सरले. कापूस वेचून बोटे कशी फाटतात, हे मी माझ्या आईच्या हाताकडे पाहून शिकलो आहे. पुढे तो सैन्यात गेला. ‘डिझी’ म्हणजे चक्रम, हे नाव त्याला तेथेच चिकटले.

सेंट लुईस कार्डिनल्स संघाकडून १९३४ साली त्याने ३० विजय मिळवले. नॅशनल लीगमध्ये एका मोसमात इतके विजय त्याच्यानंतर कोणालाही साधलेले नाहीत. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटविरुद्ध जिंकलेले चारही सामने डिझी आणि धाकटा भाऊ पॉल यांनी दोन-दोन वाटून घेतले.

पण दैव आडवे आले. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात एक सणसणीत फटका पायावर बसून अंगठा मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच डिझी मैदानात उतरला. पाय सांभाळताना चेंडू टाकण्याची ढब बदलली आणि हात कायमचा दुखावला. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

१९४१ मध्ये तो रेडिओवर सामन्यांचे वर्णन करू लागला. बोलणे थेट घरातले! क्रियापदांची रूपे तो स्वतःच घडवी. याच्यामुळे मुलांचे इंग्रजी बिघडते, अशी शिक्षकांनी १९४६ मध्ये तक्रार केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. लोक मात्र त्याला आवडीने ऐकत राहिले. सेंट लुईस ब्राउन्सच्या पिचरांना तो नावे ठेवी. १९४७ मध्ये त्याच संघाकडून एका सामन्यात उतरून त्याने चार डावांत एकही धाव दिली नाही. टेलिव्हिजनवरही तो दिसला आणि १९५३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. १७ जुलै १९७४ रोजी त्याचे निधन झाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात ‘नाही’ऐवजी ‘न्हाई’ म्हणालो आणि सारा वर्ग हसला. नंतर कित्येक महिने मी तोंड उघडले नाही. गुरुजनहो, शुद्ध भाषा मला शिकायचीच आहे. पण ती येईपर्यंत गप्प बसायचे नाही, एवढे मी डिझीकडून घेतले आहे.